१०० गिगच्या पोर्टमध्ये १० गिगचं मॉड्यूल: अडॅप्टर लावूनही लिंक का येत नाही, आणि आली तर का पडते

मांडणी ओळखीची आहे. स्विच नवा, त्याचे पोर्ट ४० नाहीतर १०० गिगचे (गिग म्हणजे सेकंदाला गिगाबिट). पलीकडचं उपकरण जुनं: एखादा सर्व्हर, फायरवॉल किंवा स्टोरेज कंट्रोलर, ज्याला १० गिगच्या वर जाता येत नाही. मधे क्यूएसए अडॅप्टर, म्हणजे बाहेरून क्यूएसएफपी मॉड्यूलच्या आकाराचा आणि आत एसएफपी मॉड्यूल मावेल एवढी पोकळी असलेला धातूचा लांबट तुकडा. (मॉड्यूल म्हणजे पोर्टात बसणारं आणि केबलशी बोलणारं छोटं उपकरण; एसएफपी त्याचा लहान आकार, क्यूएसएफपी मोठा.) मॉड्यूल आत सरकवलं, पॅच कॉर्ड लावली, आणि पोर्टचा दिवा काही लागत नाही. किंवा लागतो, सगळं सुरळीत चालतं, आणि स्विच रीबूट झाला की तोच पोर्ट पुन्हा मेलेला. काढून घातला की जिवंत.

ही शेवटची तऱ्हा सगळ्यात त्रासाची. काढून घातल्यावर चालतंय म्हटल्यावर मुळाशी कोणी जात नाही आणि पुढच्या रीबूटला पुन्हा तीच रड.

अशा वेळी पहिला संशय अडॅप्टरवर जातो. तो बदलून बघितला जातो, मग दुसऱ्या कंपनीचा मागवला जातो. माझा अनुभव असा की अडॅप्टर स्वतः क्वचितच बिघडतो, कारण त्यात बिघडण्यासारखं फारसं नसतंच. घोळ होतो तो त्याच्याकडून नको ती अपेक्षा ठेवल्यामुळे. हा अडॅप्टर वेग बदलत नाही, फक्त तारा जोडतो. वेग बदलायचा असतो स्विचने, आणि तो बदलायचाय हे स्विचला कळलंय की नाही, हेच पायरीपायरीने शोधत जायचं असतं.

अडॅप्टरच्या आत

क्यूएसएफपी पोर्टमध्ये डेटाच्या चार लेन असतात. प्रत्येक लेनला पाठवायची एक जोडी आणि घ्यायची एक जोडी. एसएफपी मॉड्यूलला एकच लेन लागते. अडॅप्टर पोर्टची पहिली लेन मॉड्यूलपर्यंत पोचवतो आणि उरलेल्या तीन मोकळ्या सोडतो. डेटाच्या वाटेवर बफर नाही, घड्याळ नाही, वेगाचं रूपांतर करणारी चिप नाही.

आता आकडे बघा. ४० गिगचा पोर्ट म्हणजे सेकंदाला १०.३१२५ गिगाबिटच्या चार लेन. १०० गिगचा पोर्ट म्हणजे २५.७८१२५ गिगाबिटच्या चार लेन. १० गिग इथरनेटचा तारेवरचा वेग १०.३१२५. म्हणजे ४० गिगच्या पोर्टात लेनचा वेग आधीच बरोबर असतो, चार लेन एकत्र बांधण्याऐवजी एकच वापरायची एवढंच. १०० गिगच्या पोर्टात मात्र लेन चालवणारं सर्किट, म्हणजे सर्डेस, ते स्वतः खालच्या वेगावर उतरवावं लागतं. १ गिगची गोष्ट आणखी वेगळी. तिथे वेग १.२५ गिगाबिट आणि एन्कोडिंगही निराळं: १० आणि २५ गिगला ६४ बिटांचे ६६ होतात, १ गिगला ८ चे १०.

यातून निघणारा माझा ठोकताळा असा. ४० वरून १० आणि १०० वरून २५ सोपं. १०० वरून १० बहुतेक ठिकाणी जमतं, पण स्विचला सांगावं लागतं. १०० वरून १ कधीही गृहीत धरू नये. बऱ्याच चिपना इतकं खाली उतरताच येत नाही, आणि मग जगातला कुठलाही अडॅप्टर ते करून देणार नाही.

म्हणून हार्डवेअरला हात लावण्याआधी स्विचच्या कागदपत्रांत पोर्टनिहाय वेगाचा तक्ता शोधा. पहिल्या पानावरची ठळक ओळ पुरत नाही. एकाच स्विचवर काही पोर्ट चिपला थेट जोडलेले असतात, तर काहींच्या मधे गिअरबॉक्स किंवा रीटायमर (लेनचा वेग बदलणारी किंवा सिग्नल ताजा करणारी चिप) बसवलेला असतो, आणि त्या मधल्या चिपला १० गिग येत नसेल तर तो पोर्ट ४० आणि १०० वरच अडकतो. पहिल्या पोर्टला जमलं म्हणून शेवटच्या अपलिंक पोर्टला जमेल असं नाही. तक्त्याखालच्या बारीक अक्षरातल्या टिपा आवर्जून वाचा, गिअरबॉक्सची गोष्ट तिथेच लपलेली असते.

अडॅप्टरचेही दोन प्रकार आहेत. एक १० गिगपर्यंतचा, दुसरा २५ गिगचा, ज्याच्या नावात सहसा २८ हा आकडा असतो. दिसायला सारखेच. १० गिगवाला २५ गिगला लावला तर कधी लिंक येते, पण अडॅप्टरमुळे वाटेत एक जादा कनेक्टर आलेला असतो आणि २५ गिगला तेवढ्यानेही सिग्नल घसरतो. लेबल वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका. ४०० गिगच्या स्विचवर क्यूएसएफपी-डीडी पोर्ट असेल तर त्यात जुन्या आकाराची क्यूएसएफपी मॉड्यूल बसतात, त्यामुळे हाच अडॅप्टर शिरतो. पण शिरणं वेगळं आणि चालणं वेगळं. त्या पोर्टच्या लेन पॅम-४ (दोनऐवजी चार पातळ्यांच्या) सिग्नलवर ५० गिगसाठी बनलेल्या असतात, त्या १० पर्यंत उतरतात की नाही हे पुन्हा तक्त्यातच बघायचं. ओएसएफपीचा आकारच निराळा, त्याला आधी ओएसएफपीचं क्यूएसएफपी करणारा वेगळा अडॅप्टर लागतो.

स्विचला काय दिसतंय ते आधी बघा

अडॅप्टर घालताना तो शेवटपर्यंत गेला आणि खटका बसला याची खात्री करा. हे लिहिण्यासारखं वाटत नाही, पण एकावर एक दोन रांगा असलेल्या स्विचवर खालच्या रांगेचे पोर्ट बऱ्याचदा उलटे असतात. वरच्या रांगेच्या सवयीने घातलेला अडॅप्टर तिथे अर्ध्यातच अडतो. आधी अडॅप्टर, मग त्यात मॉड्यूल, मग केबल. काढताना उलट क्रम. मॉड्यूलसकट अडॅप्टर केबलला धरून ओढणं टाळा. आतलं एसएफपी त्याच्या कडीपासून सुटतं आणि अडॅप्टर पोर्टातच राहतो.

मग स्विचला विचारा की त्या पोर्टात काय आहे. प्रत्येक स्विचवर ट्रान्सीव्हरची माहिती दाखवणारी कमांड असते, लिनक्सवर चालणाऱ्या स्विचवर किंवा सर्व्हरवर त्यासाठी इथटूल ही कमांड आहे. इथे एक खोच समजून घेण्यासारखी आहे. एसएफपी आणि क्यूएसएफपी दोन्ही आपली ओळख एकाच आय-टू-सी (मॉड्यूलशी बोलायची दोन तारांची संथ वाट) पत्त्यावर ठेवतात, पण त्या पत्त्यावरच्या माहितीची रचना वेगळी. एसएफपीची रचना एसएफएफ-८४७२ या प्रमाणाची, क्यूएसएफपीची एसएफएफ-८६३६ ची. पहिला बाइट सांगतो की समोर कोण आहे: हेक्समध्ये ०३ असेल तर एसएफपी घराणं, ०डी असेल तर क्यूएसएफपी प्लस, ११ असेल तर क्यूएसएफपी२८.

क्यूएसएफपी पोर्टातून ०३ वाचून आलं, तर ज्या सॉफ्टवेअरला अडॅप्टर ठाऊक आहे ते समजून घेतं की इथे एक लेनचं मॉड्यूल बसलंय. ज्याला ठाऊक नाही ते एक तर पोर्ट बंद ठेवतं, नाहीतर क्यूएसएफपी समजून भलत्याच जागी तापमान आणि लाइट वाचतं. मग मॉड्यूल उणे शंभर अंशांवर आहे असलं काहीतरी दिसतं. असे वेडेवाकडे आकडे दिसले तर मॉड्यूलला दोष देऊ नका. ते सॉफ्टवेअर अडॅप्टर ओळखत नाही, एवढाच त्याचा अर्थ, आणि उपाय बहुतेकदा स्विचची नवी आवृत्ती हाच असतो.

पोर्टात काहीच नाही असं स्विच म्हणत असेल तर अडॅप्टर नीट बसलेला नाही किंवा त्याचं कनेक्टर मळलंय. मॉड्यूल दिसतंय पण ‘असमर्थित’ म्हणून पोर्ट बंद केलाय, तर तो कंपनीच्या कोडिंगचा, म्हणजे आत लिहिलेल्या उत्पादकाच्या ओळखीचा प्रश्न. इथे कुलूप दुहेरी असू शकतं. काही स्विच फक्त आतल्या मॉड्यूलचं कोडिंग तपासतात, काही अडॅप्टरचंही. मॉड्यूल मूळ कंपनीचं असून अडॅप्टर तिऱ्हाईत असला तरी पोर्ट बंद राहतो, आणि मॉड्यूलकडे बघत बसलेल्या माणसाला ते सुचत नाही.

वेग, ब्रेकआउट, एफईसी, ऑटोनिगोशिएशन

मॉड्यूल ओळखलं गेलंय आणि लिंक नाही, असं असेल तर बहुतेक वेळा उत्तर या चार शब्दांत कुठेतरी असतं.

वेग आपोआप ठरेल यावर विसंबू नका. १० गिगच्या फायबर लिंकवर दोन टोकं वेगाबद्दल एकमेकांशी काही बोलत नाहीत. ऑटोनिगोशिएशन तिथे नाहीच. तांब्याच्या १० गिग एसएफपी प्लस केबलवरही नाही. स्विच ‘आपोआप’ म्हणतो तेव्हा तो मॉड्यूलची ओळख वाचून अंदाज बांधत असतो, आणि अडॅप्टरमुळे नेमकी तीच ओळख डळमळीत झालेली असते. पोर्टवर वेग १० गिग असा ठोकून लिहा. मग लिहिलेला वेग आणि प्रत्यक्ष चालू असलेला वेग, दोन्ही वाचून बघा. कॉन्फिगमध्ये १० आणि चालू वेग १००, असं दिसलं तर तो पोर्ट उतरलेलाच नाही.

ब्रेकआउटबद्दल माझं मत ठाम आहे: एकच एसएफपी मॉड्यूल लावायचं असेल आणि स्विच परवानगी देत असेल, तर पोर्ट चार तुकड्यांत फोडू नका, एक लेनचा १० गिग पोर्ट करा. फोडला तर चार उपपोर्ट तयार होतात, त्यातला फक्त पहिला अडॅप्टरच्या लेनला जोडलेला असतो आणि उरलेले तीन कायमचे मेलेले दिसतात. मूळ पोर्टाचं नाव बदलतं, त्यावरचं व्हीलॅन (नेटवर्कचा तार्किक भाग), वर्णन, एसीएल (परवानगीचे नियम) सगळं मागे राहतं. लिंक येते, पण ट्रॅफिक जात नाही. काही स्विचवर एक पोर्ट चारांत फोडला की शेजारचा पोर्ट बंद पडतो, कारण चिपमधल्या तार्किक पोर्टांची संख्या मर्यादित असते. शेजाऱ्याची तक्रार दुसऱ्याच माणसाकडे जाते आणि दोन्हींचा संबंध कोणाच्या लक्षात येत नाही. काही स्विच मात्र फोडल्याशिवाय १० गिग देतच नाहीत. तिथे फोडा, आणि सगळं कॉन्फिग पहिल्या उपपोर्टवर लिहा.

एफईसी म्हणजे चुका दुरुस्त करणारा कोड. १० गिगच्या फायबरवर तो नसतो, तेव्हा बंदच ठेवायचा. पोर्ट १०० गिगवर असताना कोणी हाताने आरएस-एफईसी (एफईसीचा एक प्रकार) लिहून ठेवला असेल आणि वेग बदलताना ती ओळ तशीच राहिली, तर काही स्विच ती मुकाट्याने दुर्लक्षित करतात आणि काही पोर्ट वरच येऊ देत नाहीत. २५ गिगला गोष्ट उलटी: २५ गिगच्या एसआर (कमी पल्ल्याच्या) मॉड्यूलला प्रमाणानुसार आरएस-एफईसी लागतो, आणि तांब्याच्या केबलला लांबीप्रमाणे एक तर काहीच नाही, नाहीतर दोन प्रकारांपैकी एक. दोन्ही टोकांना एकच हवा. एका टोकाला आरएस आणि दुसऱ्याला काहीच नाही, तर लाइट छान आणि लिंक शून्य. २५ गिगवर लिंक येत नाही म्हटलं की मी लाइटच्याही आधी एफईसी विचारतो.

१ गिग फायबरला ऑटोनिगोशिएशन असतं, आणि तिथे एक ठरलेला घोळ दिसतो. एका टोकाला ते चालू आणि दुसऱ्याला बंद असेल, तर ते चालू असलेल्या टोकाला लिंक खाली (बंद) दिसते आणि बंद असलेल्या टोकाला वर (चालू). एकतर्फी लिंक दिसली की फायबर तपासण्याआधी हे बघा.

कुठल्या बाजूने तुटलंय

१० गिग आणि त्यावरच्या इथरनेटमध्ये एक फार उपयोगी सोय आहे आणि ती फार कमी वापरली जाते. ज्या टोकाला येणारा सिग्नल नीट मिळत नाही ते स्वतःकडे ‘लोकल फॉल्ट’ नोंदवतं आणि पलीकडच्याला ‘रिमोट फॉल्ट’ कळवतं. म्हणून दोन्ही टोकं खाली दिसत असली तरी दोष एकाच दिशेत असू शकतो, आणि कुठल्या दिशेत ते या नोंदींतून कळतं. स्विचवर रिमोट फॉल्ट असेल तर स्विचला ऐकू येतंय. स्विच जे पाठवतोय ते पलीकडे पोचत नाही. लोकल फॉल्ट असेल तर उलट. ही एक ओळ वाचली की अर्धी केबल तपासायची वाचते.

मग लाइट. १० गिग एसआर मॉड्यूलला प्रमाणानुसार किमान उणे ९.९ डीबीएम (प्रकाशाच्या ताकदीचं माप) मिळायला हवा आणि एलआरला (लांब पल्ल्याच्या) उणे १४.४. उणे ४०च्या आसपास म्हणजे अंधार: फायबरची जोडी उलटी लागली आहे, तुटली आहे, किंवा पलीकडचा लेसर बंद आहे. काठावरचा आकडा असेल तर आधी टोकं पुसा. पुसायच्या पेनने, शर्टाने नव्हे. १० गिग एसआर ओएम३ प्रतीच्या फायबरवर ३०० मीटर आणि ओएम४ वर ४०० मीटर जातं. २५ गिग एसआर त्याच फायबरवर ७० आणि १०० मीटर. वेग वाढवला आणि जुनीच लांब केबल ठेवली, तर लिंक न येण्याचं कारण अडॅप्टरात शोधून सापडणार नाही.

लूपबॅक चाचणी इथे सोन्यासारखी. मॉड्यूलच्या पाठवणाऱ्या तोंडातून घेणाऱ्या तोंडात एक छोटी एलसी पॅच कॉर्ड लावायची. १० गिगला ऑटोनिगोशिएशन नसल्यामुळे पोर्ट स्वतःशीच जुळून वर यायला हवा. आला, तर स्विच, अडॅप्टर, मॉड्यूल तिन्ही निर्दोष, दोष पुढे. नाही आला, तर फायबरचा माणूस बोलावू नका, दोष तुमच्या हातातल्या तिघांतच आहे. दोन पथ्यं पाळा. लांब पल्ल्याच्या ईआर किंवा झेडआर मॉड्यूलला मधे ॲटेन्युएटर (उजेड कमी करणारा तुकडा) न लावता लूपबॅक करू नका, जास्त उजेडाने घेणारी बाजू खराब होऊ शकते. आणि एकाच फायबरवर दोन रंग वापरणाऱ्या बायडी मॉड्यूलला ही चाचणी लागूच नाही, कारण ते स्वतःचा रंग स्वतः वाचत नाही.

लूपबॅक फसलं तर एका वेळी एकच वस्तू बदला. तेच मॉड्यूल दुसऱ्या स्विचच्या साध्या एसएफपी प्लस पोर्टात घाला. चाललं, तर मॉड्यूल सुटलं. मग तोच अडॅप्टर शेजारच्या पोर्टात. दोन वस्तू एकदम बदलल्या आणि लिंक आली, तर काही शिकायला मिळत नाही आणि तीच तक्रार परत येते.

ज्या पिना पोचतच नाहीत

इथे थोडं थांबतो, कारण न उलगडणाऱ्या बऱ्याच केस इथेच सापडल्या आहेत.

एसएफपी मॉड्यूलला काही गोष्टी थेट तारेने सांगितल्या जातात: लेसर बंद कर, वेग हा निवड. मॉड्यूलही तारेनेच सांगतं: लाइट मिळत नाही, लेसरमध्ये दोष आहे. क्यूएसएफपीमध्ये या तारा नाहीत. तिथे तीच कामं आय-टू-सीवरून रजिस्टर लिहून-वाचून होतात. उलट क्यूएसएफपीला रीसेटची तार आहे, एसएफपीला नाही. म्हणजे अडॅप्टरच्या दोन्ही बाजूंच्या भाषाच जुळत नाहीत. चांगल्या अडॅप्टरात हे जुळवून घेणारी छोटी चिप असते. साध्या अडॅप्टरात त्या पिना एका ठरावीक पातळीला बांधून टाकलेल्या असतात.

परिणाम बघा. तुम्ही स्विचवर पोर्ट शटडाउन केला. स्विचने क्यूएसएफपीच्या पद्धतीने लेसर बंद करायचं रजिस्टर लिहिलं. साध्या अडॅप्टरमागच्या एसएफपीला ते पोचलंच नाही, लेसर चालूच. पलीकडचा माणूस म्हणतो, लाइट तर छान येतोय, मग लिंक का पडली? आणि दोघे फायबर मोजत बसतात. यातली सुरक्षिततेची बाजू जास्त महत्त्वाची: अशा पोर्टवर शटडाउन म्हणजे अंधार असं कधीही धरू नका. फायबरचं टोक तपासायचं किंवा पुसायचं असेल तर मॉड्यूलच बाहेर काढा.

दुसरा परिणाम १० आणि २५ दोन्ही वेगांना चालणाऱ्या एसएफपी२८ मॉड्यूलवर. आतलं सीडीआर, म्हणजे येणाऱ्या सिग्नलमधून घड्याळ काढणारं सर्किट, कुठल्या वेगाला लॉक करायचं हे त्याला आरएस० आणि आरएस१ या पिनांवरून किंवा त्यांच्या रजिस्टरमधल्या बिटांवरून कळतं. अडॅप्टरने पिना एका पातळीला बांधल्या आणि स्विचने बिट लिहिले नाहीत, तर मॉड्यूल एकाच वेगावर अडकतं. मग तेच मॉड्यूल साध्या पोर्टात दोन्ही वेगांना चालतं आणि अडॅप्टरमधून एकाच वेगाला. लाइट उत्तम, वेग बरोबर, एफईसी बरोबर, तरी लिंक नाही, अशी केस आली तर त्याच वेगाचं एकेरी मॉड्यूल घालून बघा. १० गिग हवं असेल तर साधं एसएफपी प्लस. आलं, तर कारण सापडलं, आणि खरं सांगायचं तर तोच कायमचा उपायही.

रीबूटनंतर पडणारी लिंक

पुन्हा पुन्हा येणारी तक्रार हीच. पहिला नियम: पुढच्या वेळी पडली की हात लावण्याआधी नोंदी घ्या. पोर्टची स्थिती, मॉड्यूलची ओळख, लिहिलेला वेग, चालू वेग, एफईसी, लाइट, फॉल्ट. काढून घातलं की हे सगळं पुसलं जातं.

काढून घालण्यात तीन गोष्टी एकदम होतात: मॉड्यूलची वीज जाऊन येते, संपर्क घासून निघतात, आणि स्विच ओळख नव्याने वाचतो. यातल्या कुठल्या गोष्टीने काम झालं ते वेगळं काढायचं. आधी फक्त पोर्ट शटडाउन करून पुन्हा चालू करा. तेवढ्याने आला, तर दोष सॉफ्टवेअरच्या क्रमात: बूट होताना पोर्ट आधी तयार झाला, मॉड्यूलची ओळख नंतर आली, आणि तोवर पोर्ट मूळ १०० गिगवर बसला. ठोकून लिहिलेला वेग हा त्यावरचा इलाज, आणि तो वेग साठवलेल्या कॉन्फिगमध्ये आहे याची खात्री. काही स्विचवर ब्रेकआउट किंवा पोर्टचा प्रकार नेहमीच्या कॉन्फिगपेक्षा वेगळ्या फाइलमध्ये राहतो. चालू कॉन्फिग साठवलं तरी तो साठतोच असं नाही.

शटडाउनने आला नाही, पण काढून घातल्यावर आला, तर मॉड्यूलच अडकलेलं होतं. स्विचची ‘मॉड्यूल रीसेट’ कमांड इथे उपयोगी पडत नाही, कारण रीसेटची तार एसएफपीपर्यंत जायला मुळात पिनच नाही. रीबूटही दोन प्रकारचे. नुसत्या सॉफ्टवेअर रीबूटमध्ये पोर्टची वीज बऱ्याचदा तशीच राहते आणि अडकलेलं मॉड्यूल अडकलेलंच राहतं. स्विचची वीज पूर्ण बंद करून चालू केल्यावर लिंक येते आणि साध्या रीबूटनंतर येत नाही, एवढं जरी सिद्ध करता आलं तरी दुरुस्ती मागायला ठोस पुरावा हाती असतो.

तांब्याच्या आरजे४५ मॉड्यूलचा वेगळा त्रास आहे. त्यांच्या आत पूर्ण फाय चिप (तारेवरचा सिग्नल हाताळणारी) असते, ती जागी व्हायला वेळ घेते आणि वीजही जास्त खाते. ऑप्टिकल एसएफपी प्लस साधारण १ ते दीड वॅटमध्ये भागतं, १० गिगचं तांब्याचं मॉड्यूल अडीच वॅटच्या आसपास जाऊ शकतं. त्यात क्यूएसएफपी पोर्टचा हीटसिंक मॉड्यूलच्या पाठीवर टेकलेला असतो, पण इथे ती पाठ अडॅप्टरची असते. आतलं मॉड्यूल हीटसिंकला थेट भिडत नाही, उष्णता आत कोंडते. मग रीबूटशी काही संबंध नसलेली आवृत्ती सुरू होते: काही तास ठीक, मग सीआरसी चुका (वाटेत बिघडलेली पॅकेट), मग लिंक पडते, काढून घातलं की पुन्हा काही तास ठीक. लोक म्हणतात संपर्क सैल आहे. खरं तर बाहेर काढल्यावर ते थंड होतं. मॉड्यूलचं तापमान दर काही मिनिटांनी नोंदवून ठेवा आणि चुकांच्या वेळेशी ताडून बघा. अडॅप्टरमध्ये तांब्याचं मॉड्यूल शक्यतो घालूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. घालावंच लागलं तर एकमेकांशेजारी दोन नकोत.

सीआरसीबद्दल एक प्रमाण लक्षात ठेवा. १० गिग इथरनेटच्या प्रमाणात १० चा १२ वा घात, म्हणजे एक लाख कोटी बिटांमागे एक चूक चालते. पूर्ण वेगाने भरलेल्या लिंकवर हे जवळजवळ दर १०० सेकंदांना एक. चांगली लिंक यापेक्षा कितीतरी स्वच्छ असते, पण अधूनमधून वाढणारा एखादा आकडा बघून अडॅप्टर बदलायला धावू नका. मिनिटाला शेकड्यांनी वाढत असेल तर धावा.

लिंक आहे, पण हळू

ही वेगळीच तक्रार, पण त्याच पोर्टवर येते. १०० गिगवरून आलेला डेटा १० गिगच्या दारातून बाहेर काढायचा तर सेकंदाला ९० गिगाबिट रांगेत साठतात. एक मेगाबाइटची रांग ९० मायक्रोसेकंदांच्या आत भरते. सरासरी वापर दहा टक्के दिसत असतानाही क्षणभराच्या लोंढ्यात पॅकेट गळतात. आउटपुट डिस्कार्डचा काउंटर बघा. तो वाढत असेल आणि सीआरसी शून्य असेल, तर अडॅप्टर, मॉड्यूल, फायबर सगळं निर्दोष आहे आणि इलाज क्यूओएस (ट्रॅफिकचा अग्रक्रम ठरवणं), बफरची वाटणी किंवा पाठवणाऱ्यावर वेगमर्यादा यांत आहे. काही तांब्याची मॉड्यूल स्विचला १० गिग दाखवतात आणि केबलवर १ किंवा २.५ गिग बोलतात. तिथे ही गळती मॉड्यूलच्या आतच होते, आणि स्विचच्या काउंटरवर ती दिसत नाही.

असे पोर्ट एकदोन असतील तर अडॅप्टर ठीक. चार-आठ १० गिगची उपकरणं लावायची असतील तर चार अडॅप्टर घालून चार मोठे पोर्ट अडवण्यापेक्षा एका पोर्टावर ब्रेकआउट केबल लावा. तांब्याची नको असेल तर एसआर४ मॉड्यूल आणि एमपीओवरून (अनेक फायबरचं एकच कनेक्टर) चार एलसी (एकेका फायबरचं कनेक्टर) जोड्या करणारी केबल. एलआर४ मॉड्यूल यासाठी चालत नाही, कारण त्याच्या चारही लेन एकाच फायबर जोडीवर चार रंगांत मिसळलेल्या असतात आणि केबलने त्या वेगळ्या होत नाहीत. ४० गिगच्या बायडी मॉड्यूलचंही तसंच. आणि १ गिगची उपकरणं उरली असतील, तर त्यांच्यासाठी एक छोटा १/१० गिगचा स्विच मधे ठेवून त्याचा १० गिग अपलिंक मोठ्या स्विचला अडॅप्टरने जोडा. वेग बदलण्याचं काम मग ज्याला ते येतं त्याच्याकडे जातं.